टेकाडावर लिफ्टचं पाणी तुटतंय, ग्रेडचा हिशेब कुठं चुकतोय?

सदलग्याचा मळा: दूधगंगेवरून उसाला लिफ्ट (नदीतून पाणी उपसायची पाइपलाइन) आहे. नदीची पातळी ० धरली तर पंपाचा मध्य +३ मी., १,१०० मीटरवर टेकाड, तिथं पाइप +२२, आणि १,५०० मीटरवर पाटात +१४ ला तोंड उघडं. पीव्हीसी ११० मिमी, आतून १००. टेकाडावरच्या कॉकनं हवा काढून कॉक बंद केला की ८ लिटर/सेकंद, गेज २.७ किलो. तासाभरात ७.३ लिटर आणि गेज २.९. पंप ते पाट हिशेब तर जुळतोय.

निपाणी पाइप: दोन्ही टोकं जुळणारच ओ, टेकाडावरची ग्रेड (पाइपला उघडी नळी जोडली तर पाणी जिथवर चढेल ती उंची) काढा की. उघड्या तोंडाशी दाब शून्य, तिथून मागं या. वेग १.०२ मी./से.; हेझन-विल्यम्सच्या घर्षण-सूत्रानं, सी (पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १४५ धरून, दाबाची घट किलोमीटरला १०.३ मी. शेवटच्या ४०० मीटरची ४.१. म्हणजे टेकाडाशी हायड्रॉलिक ग्रेड १४ + ४.१ = १८.१, आणि पाइप २२ वर! आत ३.९ मीटरची ओढ आहे, म्हणजे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. कॉकचं पॅकिंग, सॅडलचं (पाइपावर कॉक बसवायच्या पट्ट्याचं) रबर, कुठूनही हवा शिरते, पाण्यातली विरघळलेली हवाही सुटते. सायफन (ओढीवर टेकाड ओलांडणारी सलग धार) तुटला की टेकाडावर ग्रेड २२ ला येते. ७.३ लिटरला १,१०० मीटरची घट ९.५, बेंड-व्हॉल्व्हचे ०.५, एकूण ३२. पंपाचे ३ वजा करा, २९ मी. १ किलो म्हणजे १० मी., तुमचा २.९ चा गेज तेच सांगतोय.

(घट काढताना व्यास ११० घेऊ नका, ३७ टक्के कमी दिसते.)

सदलग्याचा मळा: एनर्जी लाइन (ग्रेडमध्ये वेगाचा हेड, म्हणजे वेगाइतकी उंची, मिळवून येणारी रेषा) घेतली तर?

निपाणी पाइप: वेगाचा हेड फक्त ५ सेंमी, तेवढीच ती वर. पाइपातला दाब बघायला हायड्रॉलिकच लागते.

अथणी ठिबक: टेकाडावर एअर व्हॉल्व्ह टाका, विषय संपला.

निपाणी पाइप: नको. ओढ असेल तिथं तो उलटी हवा घेतो, सायफन लगेच तुटेल. त्यापेक्षा टेकाडावर दीड मीटरची उघडी उभी नळी बसवा, म्हणजे ओढच राहणार नाही, आणि ७.३ लिटर धरूनच पाण्याची पाळी लावा. पुढं ४०० मीटरला ८ मीटर उतार आहे, पाणी आपोआप उतरतं. ८ लिटरच हवे असतील तर नळी ठेवून पंपाकडचे ५३० मीटर १४० मिमीचे करा, आतून १३० भरतील असे. पाटाकडचा पाइप मात्र वाढवू नका, तिथं पैसे घालून पाणी वाढत नाही.