टिळकांचं जन्मघर कुणी बघून आलंय काय? आजीला न्यायचंय

मंडळी, मदत हवी होती. आम्ही निपाणीचे. गेल्या वर्षी आमचं जुनं घर पाडून स्लॅब घातला, तेव्हापासून आजी गप्प गप्पच असती, सागवानी खुंटी तेवढी उशाला ठेवलीया. रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला ते घर जपून ठेवलंय, १८५६ ला जन्म आणि १८६६ ला सगळी पुण्याला गेली, म्हणजे मास्तराच्या साध्या घरात पोर दहा वर्षं कसं वाढलं ते आजीला बघायचंय, माजघर, देवघर असलं सगळं. कोल्हापूरवरनं आंबा घाटानं जाणार. तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत? सुट्टीचा वार कुठला? प्लीज सांगा की.