मदत हवी आहे: टेकडी अर्धा मैल लांब, तरीही घराला निखाऱ्यांचा धोका? (कॅलिफोर्निया)

घर सॅन होजेच्या पूर्व भागात, १९९० च्या सुमारास बांधलेलं. भिंतींना स्टको (सिमेंटचा गिलावा), वर मातीची अर्धगोल कौलं. वणवा लागू शकेल अशी टेकडी अर्धा मैल लांब आहे, मध्ये दोन रुंद रस्ते आणि नुसती घरं. तरी विम्याच्या पाहणीत तीन गोष्टींवर बोट ठेवलंय: भिंतीलगतचा झाडांच्या सालीचा मल्च (मातीवर पसरलेला थर), घराला टेकलेलं लाकडी कुंपण आणि ॲटिकच्या (छपराखालच्या पोकळीच्या) वेंटची, म्हणजे हवेच्या झरोक्याची, पाव इंची जाळी. कौलं जळत नाहीत, स्टको जळत नाही, मग हे कशाला? सगळं एकदम परवडणार नाही. आधी काय करू? छपरावर स्प्रिंकलर लावले तर भागेल का?

प्रतिसाद १

रस्त्यांवर भिस्त ठेवू नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये टब्स वणव्याचे निखारे सांता रोझात सहा पदरी हायवे १०१ ओलांडून कॉफी पार्कमध्ये पडले. सपाट जागेवरची साधी वस्ती, धोक्याच्या नकाशातही नव्हती. हजारावर घरं गेली. आधी झाडांच्या साली आणि काटक्या उडतात. घरांची पहिली रांग पेटली की छपराचे, फळ्यांचे तुकडे उडू लागतात. ते मोठे असतात आणि जास्त वेळ धुमसतात.

पैसे आधी वेंटवर घाला. पाव इंची जाळीतून निखारा आरामात आत जातो आणि ॲटिकमधल्या सामानावर पडतो. बाहेरून घर धड दिसतं, आत पेटलेलं असतं. वाऱ्याच्या तोंडावरचे त्रिकोणी भिंतीतले वेंट आधी घ्या, मग वळचणीखालचे. जाळी १/८ इंचाची, गंज न चढणाऱ्या स्टीलची. फायबरग्लास किंवा प्लास्टिकची नको, वितळते.

कौलांचं म्हणाल तर वळचणीला त्यांची तोंडं उघडी असतात. आत पक्षी घरटी करतात, निखारा तिथे शिरला की खालचा कागद आणि लाकूड पेटतं. ती तोंडं बर्ड-स्टॉपने (कौलाच्या तोंडात बसणाऱ्या बुचाने) किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याने बुजवा, सरकलेली, फुटलेली कौलं बदला. पन्हळी साफ ठेवा; विनाइलची पन्हळ वितळून पेटत्या पाचोळ्यासकट भिंतीशी पडते.

स्प्रिंकलर नको. वणव्याच्या वेळच्या सोसाट्याच्या वाऱ्यात फवारा छपरावर पडतच नाही, आणि वीज गेली की पंप बंद. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आगीत हायड्रंटलाच (अग्निशमनाच्या रस्त्यावरच्या नळांना) पाणी कमी पडलं. घरोघरी नळ सोडले की दाब आणखी उतरतो.

धागाकर्ता

१/१६ इंची जाळी जास्त सुरक्षित नाही का? की वेंट सरळ बंदच करून टाकू?

प्रतिसाद १

१/१६ चालते, नियमांतही बसते, पण धुळीने आणि रंगाने बुजते. वर्षातून दोनदा ब्रश मारणार असाल तरच घ्या. जाळी बारीक केली की हवा कमी खेळते, म्हणून वेंट वाढवावे लागू शकतात. निखारारोधक म्हणून चाचणी झालेले तयार वेंट मिळतात, महाग आहेत. कायमचे बंद केलेत तर ॲटिकमध्ये दमट हवा कोंडून बुरशी धरेल. रेड फ्लॅगच्या (वणव्याच्या धोक्याचा इशारा असलेल्या) दिवशी बाहेरून प्लायवूडचा तुकडा स्क्रूने लावता येतो, नंतर काढायचा. गॅसचा गीझर किंवा फर्नेस जिथून हवा घेतो तो वेंट मात्र झाकू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात साचेल.

प्रतिसाद २

वेंट महत्त्वाचे हे मान्य, पण क्रम मी उलटा लावेन. भिंतीपासून पाच फुटांतला मल्च फावड्याने काढायला खर्च नाही, तो याच शनिवारी काढा आणि खडी पसरा. पाचोळा वाऱ्याने ज्या कोपऱ्यात साचतो, निखारेही तिथेच साचतात. अंगण झाडताना हे कोपरे हेरून ठेवा. खिडकीखालची झुडपं, काथ्याचं पायपुसणं, भिंतीशी रचलेली लाकडं हलवा. अख्खं कुंपण बदलू नका. घराला लागणारा शेवटचा पाच फुटांचा भाग किंवा फाटक धातूचं केलं तरी पुरे. गॅरेजच्या दाराखालची फटही रबरपट्टीने बंद करा, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शेजारचं घर दहा-बारा फुटांवर असेल तर एवढ्याने भागणार नाही. ते पेटलं तर उष्णतेने तुमच्या काचा तडकतील आणि निखारे खिडकीतून येतील. त्या बाजूच्या खिडक्यांना दुहेरी, टेम्पर्ड (उष्णतेने सहज न तडकणारी) काच घाला, आणि शेजाऱ्यांशी बोलून दोघांचं मधलं कुंपण एकत्रच बदला. केलेल्या कामाचे फोटो आणि पावत्या ठेवा: २०२२ च्या राज्य नियमानुसार विमा कंपन्यांना अशा कामांसाठी सवलत द्यावी लागते, पण ती मागून घ्यावी लागते.