जिल्हा कारागृहात वैद्यकीय अधिकारी: रुजू होण्याआधी काय पाहू?

आर्णीचा_डॉक्टर: एमबीबीएस, सध्या यवतमाळ जिल्ह्यात पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे. जिल्हा कारागृहाची पोस्टिंग घ्यावी का, असा विचार चालू आहे. पहिल्या महिन्यात काय बसवायचं? अधीक्षक आणि आपलं जमलं नाही तर शब्द कोणाचा? पुढे यात वर जाता येतं का?

वऱ्हाडी_स्टेथो: आधी दाखल-तपासणी धरा. बंदी आत आला त्याच दिवशी, आणि शर्ट काढून. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहा. हा मार बाहेरचा की आतला, हे उद्या कोर्ट तुम्हालाच विचारणार.

शेवटची दारू कधी घेतली हे विचारल्याशिवाय बराकीत पाठवू नका. दारू तुटली की हात थरथरणं सहा-आठ तासांत सुरू होतं, झटके पहिल्या दोन दिवसांत, बडबड-भास साधारण ४८ ते ७२ तासांत. शिपाई म्हणतो "नाटक करते". ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या, आणि डायझेपाम (झटके आवरणारं औषध) कुलपात पण हाताशी ठेवा.

आपल्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचाराच, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बंद्यांना. त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया औषध चालू असेल तर खंड नको. मे महिन्यात बराकीत पाणी कमी पडलं की क्रायसिस (सिकलसेलच्या तीव्र वेदनांचा झटका) आलाच म्हणून समजा.

कागद_पक्का: शब्द कोणाचा? उपचाराबाबत डॉक्टरचाच. मंडेला नियम (बंद्यांच्या वागणुकीबाबत संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम) यातला २७ वा सांगतो की वैद्यकीय निर्णय बिगर-वैद्यकीय कर्मचारी फिरवू शकत नाहीत. नियम ४६ प्रमाणे शिक्षा ठरवण्यात डॉक्टरचा सहभाग नसावा. पण प्रत्यक्षात रेफर (बाहेरच्या रुग्णालयात पाठवणं) अडतो तो गार्ड मिळत नाही म्हणून. त्यामुळे "रेफर" एवढंच लिहू नका. "आज संध्याकाळपर्यंत, उशीर झाल्यास हा धोका" असं वेळेसकट लिहून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं चौकशीत उभं राहत नाही.

मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०३ मध्ये कारागृहात मनोरुग्ण बंदी नाहीत असं प्रमाणित करणारा डॉक्टरचा तिमाही अहवाल आहे. न तपासता "निरंक"वर सही करणं ही जुनी खोड, ती लावून घेऊ नका. कोठडीत मृत्यू झाला तर मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं, दंडाधिकारी चौकशीही होते. तेव्हा फाइल अपुरी असेल तर उत्तर देणं कठीण.

बुलडाण्याहून: खरजेत एकट्याला मलम देऊन उपयोग नाही. अख्खी बराक एकाच रात्री, मानेपासून खाली ५ टक्के परमेथ्रिन, आठवड्यानं पुन्हा. माणशी ३० ग्रॅम धरा: ४० जणांना एका वेळी १२०० ग्रॅम. इंडेंट (औषधाची मागणी) त्याच हिशेबानं दोन्ही वेळांची टाका, नाहीतर दुसऱ्यांदा लावायचं राहतं आणि खरूज परत येते.

टीबीत घोळ सुटकेच्या दिवशी. जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो, माणूस जातो, गोळ्या आतच. उपचार-चिठ्ठी आणि काही दिवसांच्या गोळ्या आधीच बांधून ठेवा, नि-क्षयवर (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) ट्रान्सफर त्याच दिवशी करा.

वर जाण्याचं म्हणाल तर पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्र) किंवा मानसोपचारातलं शिक्षण कामी येतं. इंग्लंडमध्ये २००६ पासून तुरुंगातली आरोग्यसेवा एनएचएसकडे आहे. आपल्याकडे डॉक्टरला आरोग्य आणि कारागृह या दोन खात्यांच्या मधे उभं राहावं लागतं. सिव्हिल सर्जनशी बोलूनच रुजू व्हा, आणि रजेत बदली डॉक्टर कोण हे लेखी घ्या.

आर्णीचा_डॉक्टर: रजेचं डोक्यातच नव्हतं, भाऊ. उद्याच विचारतो.