मदत हवी आहे : मोडी कागद वाचण्यासाठी छोटे साधन

ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या जुन्या घरी आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतले कागद आहेत. त्यांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकात, स्थान मिळाले, तरी छायाचित्रावरून ती वाचणे अवघडच, कारण आधी आखलेल्या रेघेखाली शब्द न तोडता लिहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. मला स्वयंचलित वाचन नको आहे. छायाचित्रातील ओळी सुट्या करून प्रत्येकीखाली जाणकाराला देवनागरी मजकूर लिहिता यावा आणि शंकास्पद अक्षरावर खूण करता यावी, एवढेच पुरे. एका पत्राची तारीख तिघांनी तीन प्रकारे वाचली, आणि ते मतभेद नोंदवायला आमच्याजवळ फक्त वही आहे. हौशी प्रोग्रामरांपैकी कोणी असे काही केले आहे का? पायथॉन मला थोडे येते. सुरुवात कुठून करावी, हे कृपया सांगावे.