मदत हवी आहे: सरपंच वहिनीला पंचायत समिती लढवायची आहे

नमस्कार ताई-दादांनो,

माझी वहिनी महिला राखीव जागेवरून गावची सरपंच झाली. पहिले सहा महिने दादाच बैठकीला जायचा. प्रोसिडिंग बुक (बैठकीच्या ठरावांची वही) घरी यायचं, चुलीपुढं बसूनच ती सही करायची. एक दिवस पाणीपुरवठ्याच्या बिलावर सही मागितली, तेव्हा ती म्हणाली, "आधी टाकी बघून येते." टाकीला कठडाच नव्हता. बिल थांबलं. त्या दिवसापासून खुर्चीवर तीच बसते. (दादाला ते पचायला वेळ लागला, पण आता तोच तिला गाडीवर तालुक्याला सोडतो.)

२०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा बायकांना आहेत. पण पुढच्या वेळी तिची जागा खुली झाली तर गावात तिला उभं कोण करणार? म्हणून ती पंचायत समितीचा विचार करतेय. शिक्षण दहावी. कामाचा उरक दांडगा, पण माईक हातात आला की आवाज कापतो.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, ती आमच्याकडे कागदावरच होते. ती खरोखर भरवायला कुणी कशी सुरुवात केली? पुण्याच्या यशदाचं (सरकारी प्रशिक्षण संस्था) प्रशिक्षण कुणी घेतलंय का, प्रवेश कसा मिळतो? पक्षाकडून लढावं की अपक्ष? प्रचाराचा खर्च कसा भागवलात? स्वतः लढलेल्या ताईंनी, हरलेल्यांनीसुद्धा, जरूर लिहा. मी तिला एकेक उत्तर वाचून दाखवणार आहे.