बुझलुजाच्या भगदाडातून आत जावं का?

धुकटवाट

ज्यांना बुझलुजा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बल्गेरियात स्तारा प्लानिना डोंगररांगेत, कझानलकच्या वरच्या अंगाला, १४०० मीटरांहून उंच शिखरावर काँक्रीटची एक अवाढव्य तबकडी ठेवलेली आहे, तिला लागून ७० मीटरांचा मनोरा. कम्युनिस्ट पक्षाचं हे स्मारक १९८१ साली उघडलं, वास्तुविशारद गेओर्गी स्तोइलोव. १८९१ मध्ये समाजवाद्यांची गुप्त बैठक याच डोंगरावर भरली होती, म्हणून ही जागा. १९८९ मध्ये राजवट गेली आणि स्मारक बेवारस झालं. छताचं तांबं चोरीला गेलं, मग पाऊस आणि बर्फ थेट आत. भिंतींवर ९०० चौरस मीटरांहून जास्त मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं) होतं, त्यातलं बरंचसं गळून पडलंय.

मी यंदा बाहेरूनच बघून आलो. दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भल्यामोठ्या अक्षरांत क्रांतिगीताच्या ओळी आहेत, मधली कितीतरी अक्षरं पडून गेलीत. दाराला गज आहेत. २०१८ पासून पहारा असतो. तरी पार्किंगमध्ये दोन पोरं अदबीने विचारत होती, मागच्या बाजूने शिरायचं का, रखवालदार जेवायला बसला की.

माझं मत सरळ आहे. दार बंद म्हणजे बंद. पडक्या इमारतीत चोरून शिरायचं, फोटो टाकायचे आणि त्याला 'शोधयात्रा' म्हणायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खिंडार

अजिबात सहमत नाही.

ही चोरून शिरणारी मंडळी नसती तर बुझलुजाचं नाव आज तुमच्या कानावर आलं असतं का? जवळजवळ वीस वर्षं सरकारने ढुंकून पाहिलं नाही. कागदोपत्री मालकी कधी राज्याची, कधी पक्षाची, आणि छत कोणाचंच नाही. त्या काळात भगदाडातून वाकून आत गेलेल्यांनी फोटो काढले, ते जगभर फिरले. दोरा इवानोवा या तरुण आर्किटेक्ट मुलीने आपल्या पदवीच्या प्रकल्पासाठी ही इमारत घेतली आणि पुढे ती वाचवण्यासाठी संस्था काढली. २०१८ मध्ये युरोपा नोस्त्रा या वारसा जपणाऱ्या संस्थेने युरोपातल्या सात सर्वाधिक धोक्यातल्या वारसास्थळांत तिची गणना केली. २०१९ मध्ये गेटी फाउंडेशनने जतन आराखड्यासाठी १,८५,००० डॉलर दिले. पहारा बसला तोही त्या फोटोंच्या गाजावाजानंतर.

म्हणजे जे चोरून शिरले असं तुम्ही म्हणता, त्यांच्यामुळेच ते दार आज राखलं जातंय. आता पहारा आहे, आराखडा आहे, तर बाहेर थांबा, हे मान्य. पण 'बंद म्हणजे बंद' हा नियम सगळीकडे लावला तर ज्या इमारतींकडे कोणाचंच लक्ष नाही त्या कोणी न बघताच कोसळतील.

शंकेखोर

@खिंडार, तांबं पण 'शोधयात्रीच' घेऊन गेले का? हलके घ्या.

खिंडार

भंगारवाले घेऊन गेले. कॅमेरावाले नंतर आले. क्रम बघा.

शंकेखोर

आणि मोझेकचे तुकडे? 'आठवण' म्हणून खिशात घातलेले? निळी काच शोकेसमध्ये मांडून फोटो टाकणारे मी स्वतः पाहिलेत. भिंतीवर स्प्रेने नावं लिहिणारे कोण होते? तेही भंगारवाले?

बर्लिनकर

दोघंही थोडे शांत व्हा. आमच्याकडचं उदाहरण देतो.

बर्लिनपासून तासाभरावर बेलित्स-हाइलश्टेटन आहे, क्षयरोग्यांसाठी बांधलेलं जुनं रुग्णालय-संकुल. पहिल्या महायुद्धात जखमी हिटलर इथे होता. दुसऱ्या युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने ते घेतलं आणि १९९४ पर्यंत वापरलं. नंतर बरीच वर्षं ते हौशी घुसखोरांचं नंदनवन होतं. कुजलेले जिने, पोकळ फरश्या, पार्ट्या, मोडतोड, सगळं. २०१५ मध्ये त्यांनी युक्ती केली. आल्पेनहाउस नावाची एक इमारत १९४५ मध्ये जळाली होती, तिच्या छतावर नंतर अक्षरशः झाडं उगवली. त्या इमारतीच्या वरून झाडांच्या उंचीवर चालायचा पूल बांधला. तिकीट काढा, वरून चाला, खाली पडझडीत वाढलेलं जंगल बघा. काही इमारतींत वाटाड्याबरोबर आत जाता येतं. उरलेल्यांचं नूतनीकरण करून घरं केली.

इमारत 'नवीकोरी' न करता दाखवता येते. माझ्या मते बुझलुजालाही हेच हवं.

अवांतर: पूर्वी तारेखालून सरपटत आत गेलेले माझे काही मित्र आता म्हणतात, तिकीट लागल्यापासून मजा गेली. मजा गेलीच असेल. पण पाय मोडायचीही सोय गेली.

माळवदकर

धागाकर्त्याने कझानलकचा उल्लेख केला पण तिथली प्राचीन थ्रेशियन लोकांची कबर सोडली. १९४४ मध्ये सैनिकांना खोदताना सापडली, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतली भित्तिचित्रं श्वासाच्या दमटपणानेही खराब होतील म्हणून मूळ कबर सर्वसामान्यांना बंद, शेजारी हुबेहूब प्रतिकृती बांधलीय, तीच बघायची. कोणी कुरकुर करत नाही. त्याच गावाच्या वरच्या डोंगरावर मात्र 'मला खरी वास्तू हवी' म्हणून भगदाड शोधायचं! दोन हजार वर्षांपूर्वीचं असेल तर हात लावायचा नाही, चाळीस वर्षांपूर्वीचं असेल तर चालतं, हे गणित मला कधी कळलं नाही.

वाटाड्या९

इथे एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. ही वास्तू स्थानिकांना हवी आहे का?

माझ्या टीममध्ये सोफियाची एक सहकारी आहे. बुझलुजा म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. बांधकामाचा पैसा लोकांच्या 'ऐच्छिक' देणगीतून उभा राहिला, आणि त्या काळात ऐच्छिक म्हणजे काय ते तिच्या आजोबांना चांगलं ठाऊक होतं. छताच्या मधोमध विळा-हातोडा आणि भोवती 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा'. भिंतीवर तेव्हाचा पक्षप्रमुख झिवकोव्हचा चेहरा होता, तो कोणीतरी ठोकून काढून टाकला. ती म्हणते, तो चेहरा काढणाऱ्याला मी दोष देणार नाही. तुम्हा परदेशी लोकांना ती उडती तबकडी वाटते, आम्हाला नाही वाटत.

आपण इथे बसून 'जतन करा' म्हणणं सोपं आहे.

खिंडार

हा मुद्दा वजनदार आहे. तरी खोडलेला चेहराही आता त्या भिंतीचा भाग आहे. तो पुन्हा बसवू नये, एवढंच मी म्हणेन. जतन करणं म्हणजे आरती ओवाळणं नाही.

टाळकुटे

आणि आता अशा ठिकाणी संगीत महोत्सव! बुझलुजाच्या पायथ्याशी २०२१ मध्ये झालाच. कुठल्याही ऐतिहासिक वास्तूपाशी स्पीकर लावायचे आणि त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणायचं, ही फॅशन आहे. व्हेनिसचं १९८९ आठवा. पिंक फ्लॉइडचा तरंगता रंगमंच, सान मार्को चौकासमोर सुमारे दोन लाख माणसं, स्वच्छतागृहं नाहीत, सकाळी सगळीकडे कचरा. शेवटी नगरप्रशासनावर राजीनाम्याची पाळी आली.

पेत्रोवाराडीनची_वारी

टाळकुटे, एकाच रात्रीच्या गोंधळावरून सगळ्या महोत्सवांना झोडपू नका. व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलात १९१३ पासून ऑपेरा महोत्सव होतो, दगड अजून जागेवर आहेत.

आणि माझं लाडकं उदाहरण: सर्बियातल्या नोवी सादचा एग्झिट. २००० साली तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविचच्या विरोधात विद्यार्थ्यांनी सुरू केलेली चळवळ, दुसऱ्या वर्षापासून डॅन्यूबकाठच्या पेत्रोवाराडीन किल्ल्यात. मी गेलो होतो. मुख्य नृत्यमंच किल्ल्याच्या खंदकात असायचा. दोन्ही बाजूंना उंच विटांच्या भिंती, त्यामुळे आवाज बाहेर फार पसरायचा नाही, छातीत मात्र घुमायचा. उजाडेपर्यंत चालायचं. बाहेर पडताना मनोऱ्यावरचं प्रसिद्ध घड्याळ दिसतं. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, नदीतल्या नावाड्यांना लांबून तास कळावा म्हणून. रात्रभर नाचून आलेल्या माणसाने ते घड्याळ वाचायचं म्हणजे परीक्षाच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नोवी साद स्टेशनचं छत कोसळून माणसं गेली. त्यानंतर विद्यार्थी रस्त्यावर आले, एग्झिट त्यांच्या बाजूने उभा राहिला, सरकारी मदत आटली. आयोजकांनी २०२५ चा महोत्सव सर्बियातला शेवटचा म्हणून जाहीर केला. हे नुसतं स्पीकर लावणं होतं असं तुम्हाला वाटतं?

टाळकुटे

हेतूबद्दल आदर आहे. पण त्याच किल्ल्यात चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, खाली बोगद्यांचं जाळं आहे. त्या दिवसांत तिथल्या माणसांनी काय करायचं? कानात बोळे? चळवळ असो की धंदा, डेसिबल तेच.

सह्याद्रीपुत्र

आधी आपल्या गडांवरच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल बोला, मग बल्गेरियाला जा.

माळवदकर

त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे तुमच्या बाजूने लिहीन. इथे विषय बुझलुजाचा आहे.

धुकटवाट

सगळे प्रतिसाद वाचले. खिंडार यांचा क्रमाचा मुद्दा मान्य, पण तो २०१८ च्या आधीचा. आज पहारा आहे, मोझेक सांभाळण्याचं काम झालंय, आणि तरीही कोणी रखवालदाराच्या जेवणाची वेळ साधत असेल तर त्यात वास्तूप्रेम कुठलं? बेलित्सचा मार्ग मला सगळ्यात पटला. महोत्सवाबाबत टाळकुटेंपेक्षा मी मवाळ आहे. पायथ्याशी गाणी वाजली आणि त्यातून छताला पैसे मिळाले तर माझी हरकत नाही. आतल्या गोल सभागृहात मात्र एकही स्पीकर नको.

खिंडार

आतमध्ये हेल्मेट घालून, वाटाड्याबरोबर, वीस-वीस जणांची तुकडी सोडा. तोवर माझं तुमच्याशी भांडण चालू.

नवखा_प्रवासी

भांडण चालू द्या, माझा साधा प्रश्न. शेंगेन व्हिसावर (बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा एकच व्हिसा) बल्गेरियाला जाता येतं का? आणि हिवाळ्यात वर गाडी जाते?

धुकटवाट

हो, जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, सर्बिया मात्र नाही, त्यामुळे नोवी साद जोडायचं असेल तर तिथले नियम वेगळे बघा. हिवाळ्यात वर भरपूर बर्फ असतं आणि धुकं आलं की दहा पावलांवरची तबकडीही दिसत नाही. जून ते सप्टेंबर बघा, आणि कझानलकचे गुलाब हवे असतील तर मे अखेर ते जूनची सुरुवात.