ए विंगसमोरच्या खड्ड्यात काय लावायचं?

सावंत ए-201: पाटील साहेब, आज सकाळी 7.10 ला पामची झावळी परत पडली. या वेळी माझ्या ॲक्टिव्हाच्या सीटवर. दहा मिनिटं आधी माझी मुलगी त्याच सीटवर बसून स्कूलबसची वाट बघत होती. फोटो टाकलाय. जानेवारीपासून ही तिसरी.

सावंत ए-201: आणि वॉचमन म्हणतो, गेटजवळचा तिसरा पाम वाळून जो खड्डा रिकामा झालाय, त्यासाठी परत तोच पाम बुक केलाय. खरं का?

पाटील (सेक्रेटरी): नमस्कार. मुलगी सुखरूप आहे हे महत्त्वाचं. बुक नाही, हजार रुपये टोकन दिलंय. गेटच्या दोन्ही बाजूंना सारखी झाडं असावीत असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

सावंत ए-201: मीटिंगला 9 जण होते साहेब.

पाटील (सेक्रेटरी): नोटीस 24 जणांना होती.

नाईक काका बी-404: झाड कुठलंही लावा. पाणी कोण घालणार? एप्रिल-मेला आपल्याकडे टँकर येतो.

म्हात्रे वहिनी ए-103: सावंत भाऊ, पोर घाबरली असेल, दुपारी आली की पाठवा आमच्याकडे. मी आत्ताच खाली जाऊन आले. झावळी वॉचमन आणि मी, दोघांनी मिळून उचलली. बुंध्याला वेढा घालून असतो ना हिरवा भाग, तो एकटाच माझ्या छातीपर्यंत लांब आहे. आतून पन्हळीसारखा, ओला गच्च. म्हणून एवढा भार. ह्याला वारा लागत नाही, झावळी जुनी झाली की हे झाड आपणहून सोडतं. उद्याही सोडणार, परवाही सोडणार.

तेजस बी-302: पण बॉटल पाम एवढा मोठा होतो? रजिस्टरमध्ये "बॉटल पाम, 3 नग" लिहिलंय.

म्हात्रे वहिनी ए-103: घोळ तिथेच झाला तेजस. आपल्याकडे रॉयल पामलाच सर्रास बॉटल पाम म्हणतात, लहानपणी त्याचं खोड बाटलीसारखं फुगतं म्हणून. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, तो दहा-बारा फुटांतच राहतो. आपला आहे तो क्यूबाकडचा रॉयल पाम. साठ-सत्तर फूट आरामात जातो.

पाटील (सेक्रेटरी): ती खरेदी 2012 ची आहे. तेव्हाची कमिटी वेगळी होती, सर्वांनी नोंद घ्यावी 🙏

कुलकर्णी काका ए-304: तेव्हाच्या कमिटीत मी होतो, नाव घेऊन बोललात तरी चालेल. नर्सरीवाल्याने "दहा फुटांवर जात नाही" असं तोंडावर सांगितलं होतं. तीन रोपं माझ्या गाडीतून आणली, पेट्रोलचा एक पैसा सोसायटीकडून घेतला नाही.

पाटील (सेक्रेटरी): काका, रोख तुमच्यावर नव्हता.

ठाकूर बी-101: 🌹 शुभ सकाळ 🌹 आपला दिवस आनंदात जावो

सावंत ए-201: ठाकूर साहेब, वरचं वाचा जरा.

तेजस बी-302: शेंडा छाटून झाड बुटकं ठेवता नाही येत का? आंब्याचं करतात तसं?

म्हात्रे वहिनी ए-103: अजिबात नाही. आंब्याला छाटलं तर बाजूने फुटतो. पामला कोंब एकच, अगदी वर. तो गेला की झाड संपलं. आणि पामच्या खोडाला जखम झाली तर आंब्यासारखी साल धरत नाही, ती जन्मभर तशीच राहते. तिसरा पाम कशाने गेला ते आठवतंय ना सगळ्यांना?

तेजस बी-302: किडीने.

म्हात्रे वहिनी ए-103: कीड शिरली कुठून? दिवाळीच्या माळा लावायला खोडात खिळे मारले होते. अकरा मोजले होते मी. सोंड्या भुंगा अशाच जखमेत अंडी घालतो. मार्चमध्ये एका खिळ्याखालून तांबूस पाणी गळायला लागलं, मी खोडाला कान लावला तर आत चरचर ऐकू येत होतं. अळ्या गाभा खात होत्या. तेव्हाच ग्रुपवर लिहिलं होतं. तीन अंगठे आले, माणूस एक नाही आला.

देशमुख बी-203 (सांस्कृतिक): म्हणजे झाड आम्ही मारलं असं म्हणायचंय? माळा सगळ्यांसाठीच होत्या. फोटो सगळ्यांनी काढले.

म्हात्रे वहिनी ए-103: तुम्ही मुद्दाम केलंत असं नाही म्हणत. ह्या वर्षी माळा सुतळीने बांधा, मी स्वतः शिडी धरायला येईन. खिळा मात्र नको.

देशमुख बी-203 (सांस्कृतिक): ठीक आहे.

नाईक काका बी-404: पाणी कोण घालणार? याचं उत्तर अजून आलं नाही.

सावंत ए-201: मी म्हणतो उरलेले दोन्ही पण काढून टाका. विषय संपेल.

कुलकर्णी काका ए-304: तसं करता येत नाही. 1975 चा झाडांचा कायदा आहे. तिसरा वाळला होता तरी परवानगी काढूनच पाडला, फाइल माझ्याकडे आहे.

सावंत ए-201: जुलै 2017 ला चेंबूरला नारळाचं झाड कोसळून रस्त्याने चालणारी बाई गेली. कोणाच्या डोक्यात पडल्यावर आपण फाइल बघत बसायचं का काका?

कुलकर्णी काका ए-304: सावंत, आवाज चढवू नका. मलाही नातवंडं आहेत.

म्हात्रे वहिनी ए-103: दोघंही थांबा जरा. झाडं धडधाकट आहेत, काढायची गरज नाही. खालच्या स्कूटर हलवा. पूर्वेच्या भिंतीशी बारा-तेरा दुचाकींची जागा आहे, तिथे आत्ता काय आहे तर जुनं फर्निचर. पामखाली वेलची-कर्दळीचा वाफा करा, म्हणजे तिथे कोणी उभंच राहणार नाही.

पाटील (सेक्रेटरी): जुनं फर्निचर कोणाचं आहे हे मी इथे लिहीत नाही.

देशमुख बी-203 (सांस्कृतिक): माझं आहे. रविवारी हलवतो.

कुलकर्णी काका ए-304: रिकाम्या खड्ड्यात आपला भेरली माड लावावा असं माझं मत. कोकणातलं झाड. लग्नाच्या मांडवाला त्याचेच झाप लागायचे. फळं खायला पक्षी येतात.

ठाकूर बी-101: माडीची पण सोय होईल काका 😄

कुलकर्णी काका ए-304: ग्रुपवर मुलं आहेत ठाकूर.

म्हात्रे वहिनी ए-103: काका, झाड तुमचं देखणं खरं. पण त्याच्या फळाचा रस लागला की अंगाला अशी खाज सुटते की मुलं रात्रभर रडतील. शिवाय एकदा तुरे यायला लागले की वरून खाली येत जातात आणि शेवटचा संपला की झाड वाळतं. मोकळ्या वाडीत लावावा, शाळेच्या बसच्या थांब्यावर नको.

तेजस बी-302: मग सरळ नारळ. घरचे नारळ तरी मिळतील.

सावंत ए-201: परत डोक्यावर पडायला?

म्हात्रे वहिनी ए-103: नारळ हवाच, पण गेटवर नाही. भाऊ, मी नारळाच्या विरोधात कशी असेन? 3 जून 2020 ला निसर्ग वादळात नागावच्या आमच्या वाडीत सकाळी 41 माड होते, संध्याकाळी 13. पोफळी तर रांगेने मोडल्या, काड्यापेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. सासरे पडलेल्या एकेका माडावर हात ठेवून तो कुठल्या साली लावला ते सांगत होते. त्या वर्षी जेवले नाहीत नीट. म्हणून सांगते, झाड लावताना घाई नको. ते पडलं तर कशावर पडेल ते आधी बघायचं.

सावंत ए-201: वहिनी, माफ करा.

म्हात्रे वहिनी ए-103: अहो माफी कसली. ऐका. मागच्या कोपऱ्यात बोअरजवळ मोकळी जागा आहे. तिथे एक ठेंगू नारळ, केशरी शहाळ्याचा. तीन-चार वर्षांत धरतो, उंच जातीला सहा-सात लागतात. नारळ काढायला माणूस चढवावा लागत नाही, बरीच वर्षं शिडी पुरते. रोप रत्नागिरीला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून मागवू, माझा भाऊ तिकडे असतो. भिंतीपासून लांब, आणि खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल.

तेजस बी-302: आणि गेटला?

म्हात्रे वहिनी ए-103: फॉक्सटेल पाम. मूळ ऑस्ट्रेलियातला. झावळी कोल्ह्याच्या शेपटीसारखी भरगच्च, पण रॉयलपेक्षा आखूड आणि हलकी. तीस-पस्तीस फुटांवर थांबतो. पाटील साहेबांच्या शोभेचाही प्रश्न सुटेल. फक्त घेताना रोपाचा बुंधा मी स्वतः बघणार. ह्या वेळी नावावर विश्वास ठेवायचा नाही.

पाटील (सेक्रेटरी): टोकन परत मिळेल का विचारतो. नाहीतर त्याच पैशात फॉक्सटेल.

ठाकूर बी-101: मुळं ड्रेनेजच्या पाइपात नाही ना शिरणार? समोरच्या बिल्डिंगमध्ये उंबराने पूर्ण लाइन फोडली.

म्हात्रे वहिनी ए-103: उंबराची मुळं जाड होत जातात, ती फोडतात. पामची करंगळीएवढीच राहतात. तरी लाइनपासून चार हात सोडू. आणि ठाकूर भाऊ, ताजं शेणखत आणू नका, मागच्या वेळी तुम्हीच आणलं होतं. गेंडा भुंगा त्यातच वाढतो आणि नव्या कोंबात शिरतो. झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की समजायचं.

नाईक काका बी-404: पाणी कोण घालणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

म्हात्रे वहिनी ए-103: नाईक काका, पावसाच्या तोंडावर लावलं तर सप्टेंबरपर्यंत काही नको. पुढे दोन उन्हाळे सांभाळायचे. सोम-गुरु मी घालते, तेजस रविवार.

तेजस बी-302: चालेल.

नाईक काका बी-404: मंगळवार-शनिवार मी घालीन. पण टँकरचा खर्च हिशेबात वेगळा दाखवा.

पाटील (सेक्रेटरी): दाखवतो काका.

सावंत ए-201: मी आजपासून गाडी पूर्वेला लावतोय. कोणाला अडचण झाली तर फोन करा.

पाटील (सेक्रेटरी): आज संध्याकाळी 6 ला टेप घेऊन खाली जमूया, बोअरजवळची जागा मोजायची आहे. तिथे उभी असलेली पांढरी व्हॅगनआर कोणाची? कृपया त्याआधी काढावी.

ठाकूर बी-101: माझी. काढतो.